उरलेले नव्व्याण्णव

प्रबंधाची तोंडी परीक्षा असलेल्या खोलीबाहेर सुतार खिडकीची चौकट घासत होता. बाकावर आत्या आणि भाची बोलत होत्या. त्याचा हात केव्हाच थांबला होता.

“आरसा केसाच्या हजाराव्या भागाइतका कलतो, आत्या. तो कल मी प्रकाशाच्या कणांवरून मोजते, अगदी हलक्या हाताने.”

“मग?”

“शेवटच्या गाळणीतून शंभरात एकच कण पार होतो. पण तो इतका सरकलेला असतो, की कल स्वच्छ दिसतो.”

“आणि उरलेले नव्व्याण्णव?”

“सोडून देते.”

“अगं, क्लासवाले पहिल्या दहांचेच फोटो छापतात, तसलं झालं हे!”

“नाही गं! गाळणी आधीच ठरलेली असते. सगळे कण एकदम आले तर यंत्राचे डोळे दिपतात.”

“त्या नव्व्याण्णवांना काहीच ठाऊक नसतं?”

“असतं... थोडंथोडं.”

“लिहिलंयस हे?”

“परिशिष्टात.”

“परिशिष्ट कोण बघतं? आत गेल्या गेल्या तेच सांग.”

“स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेऊ?”

“स्वतः पाडला की हलका पडतो. दुसऱ्याने पाडला की पाय जातो.”

भाची आत गेली. पाऊण तासाने दार उघडलं.

“काय गं?”

“पहिलं वाक्य मी तेच बोलले. बाहेरचे परीक्षक म्हणाले, एवढंच विचारायला मी चारशे किलोमीटर आलो होतो!”

“मग?”

“मग म्हणाले, आता निदान चहा तरी पाजा, डॉक्टरबाई!”

“अभिनंदन!” सुतार मोठ्याने म्हणाला, आणि मग त्याला आठवलं, की आपण तर काही ऐकतच नव्हतो.