बापाच्या लूमचं सूत

मी मूळची मानकोलीकडची, बापाची भातशेती, आई दुसऱ्याच्या बांधावर राबायची, आणि लग्न होऊन पडले ती निजामपुऱ्यात, कापड विणायच्या लूमच्या खडखडाटात. नवरा लूमवर कामाला. आल्या आल्या मला वाटायचं भिंत पडतेय, तर सासू बोलली, निज गो, लूम बंद पडला तरच घाबरायचं. तोंडानं तिखट, पण माझ्या ताटात आधी वाढायची, खोटं कशाला बोलू.

त्या सालांत, सत्तरच्या पुढं, आमच्या गल्लीत एक रीत व्हती. पोर जन्मलं की त्याची नाळ बापाच्या लूमच्या सुतानं बांधायची, म्हंजे जन्मभर हाताला काम मिळतं. माझा थोरला घरीच झाला. सासूनं कांडीवरचं सूत तोडलं, नाळ बांधली, वर चुलीतली राख दाबली. गुटगुटीत पोर. पाचवी पुजून झाली नि त्यानं दूध ओढायचं सोडलं, जबडा उघडंना, अंग लाकडासारखं ताठ. सासू बोलली नजर लागली, मिरच्या ओवाळल्या, रडत रडत ओवाळल्या. पोर गेलं. काय सांगू तुम्हाला, माझा पदर दुधानं भिजायचा आणि घरात प्यायला कोणी न्हाय.

दुसऱ्या वेळी दिवस गेले तवा शेजारच्या खतिजाबी मला दवाखान्यात घेऊन गेल्या, तिथं नर्सबाईनं धनुर्वाताच्या सुया दिल्या. कळा सुरू झाल्या तशा त्याच नर्सबाईला घेऊन आल्या. बाई सासूला बोलली, आजी, नवं ब्लेड, उकळलेला दोरा, आणि नाळेवर राख न्हाय, हळद न्हाय, काहीच न्हाय. सासू भडकली, दोरा तुझा कशाला, आमच्यात बापाचंच सूत लागतं. खतिजाबी मधी पडल्या, अरे बेहेन, सूत तुमचंच बांधो, पण उबालके बांधो. सासू बोलली, आता सुताचा रस्सा करू काय? कळा सोसत व्हते तरी मला हसू आलं.

नर्सबाई बोलली, चालेल, आणा तुमचं सूत. पातेल्यात टाकलं. पांढरंशुभ्र सूत, पण उकळी फुटली नि पाणी काळपट, वर तेलाचा तवंग. कांजी, लूमचं तेल, कारखान्याची धूळ, सगळं सुटलं. सासू वाकून बघतच राहिली. मंग हळूच बोलली, बाई, थोरल्याला हेच बांधलं व्हतं. नर्सबाईनं ते पाणी मोरीत ओतलं नि दुसरं चढवलं.

त्याच उकळलेल्या सुतानं धाकट्याची नाळ बांधली, नि हा जगला. आता काल्हेरला गोदामात ड्युटीला हाय, पोराबाळांचा बाप हाय. पुढं गल्लीत कोणाचे दिवस भरले की सासूच दारात जाऊन उभी, चूल पेटवा गो, आधी सूत उकळा. मी तिला कधी एका शब्दानं बोलले न्हाय. काय बोलणार, त्या पातेल्यानं बोलायचं ते बोलून झालं व्हतं.

सासू आता न्हाय. अंथरुणाला खिळली तवा एकदा तिनं इचारलं, थोरल्याचं नाव काय ठेवणार व्हतीस? मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालापण न्हाय. तिला सांगितलं. ती तेच पुटपुटत पडून राहिली. देव करो नि तिकडं दोघांची भेट झाली असो, तिनं त्याला नावानं हाक मारली असो.