इंग्रजी विरहगीतं आणि आमची आये

इंग्रजी प्रेमाची जुनी गाणी ऐकावीत ती बायको रुसून गेल्यावर. माझी गेली होती, मुरबाडला माहेरी. तिच्या भावासमोर मी तिच्या भाकरीला नावं ठेवली, एवढंच झालं होतं. कंपनीतल्या मित्राने मला तसल्या गाण्यांची कॅसेट दिली आणि शेणव्याला आमच्या ओट्यावर मी ती रोज लावायला लागलो.

आये शेजारी तांदूळ निवडत बसायची. एक दिवस म्हणाली, "हा एवढा कशाला रडतो रे?"

"त्याची बाई सोडून गेली गो. परत ये म्हणतो."

पुढचं गाणं लागलं. "आन हा?"

"याचीपण गेली."

"मग आणायला कोण गेलं?"

"कोण नाय. तो नुसता गातो."

आयेने सूप खाली ठेवलं आणि टेप बंद केला. "तिला तिकडं ऐकू जातं काय? उठ, काकाला बोलव."

दुसऱ्या दिवशी आमी तिघं सासऱ्यांच्या पडवीत बसलो. काका मानपानाचं बोलत होते, मी जमिनीकडे बघत होतो. आये दाराआडच्या सुनेला म्हणाली, "चुकलं म्हणायला याची जीभ वळत नाय. घरात बसून इंग्रजीत रडतो. आमाला काय कळत नाय, तूच चल."

ती पदराआड हसली आणि पिशवी भरायला आत गेली.

कॅसेट अजून आहे. गाणी एक नंबर आहेत. पण त्या गाणाऱ्यांची दया येते. एवढा गोड गळा, आणि एकाच्याही घरात आये नाय.