केरळहून आणलेला मुनवा

वसईच्या स्टँडवर रांगेत पुढच्या दोघी बोलू लागल्या, तसा मीराने मोबाइल पिशवीत टाकला.

"सत्यवती, केरळचं जंगल पाहिलंस?"

"मी पाहिलं. आमचे हे धबधब्याला आलेच नाहीत. मुक्कामाच्या घरामागं केळीची बाग, तिथंच सुकलेली पानं कापत बसले."

"इश्श! एवढ्या लांब जाऊन तेच?"

"अगं, आमचा मुलगा अल्पेश वारला तेव्हापासून घरच्या बागेत पाऊल टाकलं नव्हतं त्यांनी. तिथला मालक मल्याळी, हे आपल्या वसईतल्या सांडोरचे. केळीच्या बुडाशी फुटलेला मुनवा किती खोल लावायचा, यावरून दोघं हातवारे करत भांडले!"

"मग?"

"देव त्या माणसाचं भलं करो. निघताना त्यानं एक मुनवा बांधून दिला. काल लावला बागेत."

"तू?"

"मी कुठली! मला हात लावू देतील तर ना."