कमरेला सुपारी

(कामोठे. पहिल्या मजल्यावरचं स्वयंपाकघर. खाली गाळ्यात केतनच्या प्रचार कार्यालयाची सत्यनारायणाची पूजा मांडली आहे.)

स्वानंद : म्हणजे मी बायकोच्या जागी बसायचं नाही, आणि माझ्या जागी सुपारी बसणार.

केतन : बसणार नाय, कमरेला खोचायची. जोडी नसली की पूजेला अशी सुपारी चालते. भटजीच बोलले.

स्वानंद : चालते, माहितेय मला. आमच्या सांगलीत एक काका मुलीच्या लग्नात अशीच सुपारी खोचून बसले होते. पण त्यांची बायको वारली होती, केतन. मी जिवंत आहे. आत्ताच तुझ्या उपरण्याला इस्त्री केली.

केतन : टेन्शन नको देऊ यार. खाली दीडशे माणूस बसलंय. नामदेवकाका पहिल्या रांगेत. ते बोलले, एक तर माझा पोरगा आणि सून पूजेला बसतील, नायतर तू सुपारी घेऊन एकटा बस. भावकीची चारशे मतं त्यांच्या शब्दावर आहेत. मी बोललो, सुपारी चालेल.

स्वानंद : तीन महिन्यांपूर्वी टीव्हीवर काय बोललास? मी गे आहे, माझा जोडीदार आहे, मतांसाठी लपवणार नाही. शहरातला असा पहिला उमेदवार म्हणून त्या निवेदिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या शाळेतल्या बाईंनी फोन करून अभिनंदन केलं.

केतन : तुझ्या बाईंचं मत सांगलीत आहे. माझा प्रभाग इथे आहे.

गोजरा : काय गुजगोष्टी चालल्यान दोघांच्या? भट खाली घंटा बडवतंय.

केतन : आये, तूच समजव ह्याला. एका तासाचा तर प्रश्न आहे.

गोजरा : सानंद, तोंड कशाला उतरवलंस?

स्वानंद : काही नाही काकू. तुम्ही व्हा पुढे. मी वर थांबतो, प्रसादाच्या शिऱ्याकडे बघतो.

गोजरा : शिरा कवाच झाला. आनि तू असा हापिसच्या शर्टात कसा? कपाटात तुजं सोवलं हाय ना. केत्याचं घेतलं तवाच तुजं घेतलंय, एकाच काठाचं.

स्वानंद : माझं?

गोजरा : नाय, भाडेकरूचं.

केतन : आये, आता तो विषय नको.

गोजरा : का नको? सहा वर्सं मी गावाला सांगितलं, वरती भाडेकरू ठेवलाय. राहीबाई मना बोलली, गोजरा, मना पन असा भाडेकरू बग, जो भाडं पन देतं नि भांडी पन घासतं. सगल्या बायका हसल्या. त्यांना ठावं होतं, मीच येडी झाकत बसली. मंग तू टीव्हीवर बोललास. दोन रात्री मना झोप नाय. तिसऱ्या दिवशी बोलली, जाऊ दे, टाकली लाज. आनि मी टाकलेली लाज तू उचलून कमरेला खोचतंस?

केतन : तसं नाय गं.

गोजरा : मंग कसं?

केतन : मी हरलो तर चालेल मला. पण खाली कुणी हसलं तर ह्याला बघून हसणार. मला हसले तर मी माइक घेऊन भाषण ठोकतो. हा काय करणार? हा नुसता चष्मा पुसत बसतो.

स्वानंद : हे आधी का नाही सांगितलंस?

केतन : लाज वाटली.

स्वानंद : लोक हसतात ते मला सवयीचं आहे, केतन. बँकेत रोज हसतात. तू मला कमरेला खोचलंस, ते लागलं.

केतन : सॉरी. खरंच सॉरी यार. पण काकांचं काय करायचं?

गोजरा : नामदेवभावजींची साखर रोज सकाली कोन तपासतं? बोट पुढं करून डोले मिटून 'हलू टोच रं' कोनाला बोलतान? सुपारीला?

स्वानंद : काकू, ते मला अजून डॉक्टरच म्हणतात. मी कर्जविभागात आहे.

गोजरा : बोलू दे. चल, सोवलं नेस. निरीला पिन लावून देतंय, तुना जमनार नाय.

केतन : थांब, भटजी हाक मारतायत. आधी त्यांची सुपारी त्यांना परत देतो, मग काय ते सांगतो. इथे ताटलीत होती. आये, सुपारी कुठाय?

गोजरा : खाल्ली.

केतन : काय?

गोजरा : तुमचं चाललं होतं तवा आडकित्त्यानं फोडली नि पानात घातली. कडक होती मेली.

केतन : आये, भटजींनी मंत्र म्हणून दिली होती ती.

गोजरा : म्हनूनच तुरट लागली.

स्वानंद : आणि मला खाली बघून नामदेवकाका उठून गेले तर?

गोजरा : जातील. उद्या सकाली सातला येतान, बोट पुढं करून.