वाढीव काम

ब्राइला शहरातल्या बेकरीच्या खिडकीपुढे झेनोव्हियाबाई रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या पुढेच नव्या दवाखान्याची आर्किटेक्ट आणि ठेकेदार नेलू यांची जुंपली होती.

“लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही, हे तुम्हाला आज कळलं, नेलूशेठ?”

“छे हो मॅडम, टेंडर भरतानाच कळलं होतं. नकाशा तुमचा, चूक तुमची.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“जो ठेकेदार बोलला त्यानं दर चढवला, आणि त्याच्या हातून काम गेलं. मी गप्प बसलो, कमी दर भरला. आता मोठी लिफ्ट हवी? वाढीव काम म्हणून बिल लावतो.”

“तुम्ही बांधलेल्या गलात्सच्या शाळेत बरी अशी एकही भानगड निघाली नाही!”

“तिथं नकाशा आणि बांधकाम, दोन्ही माझ्याच गळ्यात होतं. चुकलं असतं तर भुर्दंड मलाच! कागदावरच सगळं तपासून घेतलं.”

“म्हणजे स्वतःच्या खिशाला चाट बसणार असली की दिसतं सगळं!”

झेनोव्हियाबाईंना राहवेना. “अरे मेल्या, ते वाढीव काम मंजूर होईपर्यंत आजारी माणसानं वर जायचं कसं?”

नेलूनं खिडकीतून कोवरीगीचे गरम गोल पाव घेतले, एक मोडून तोंडात टाकला.

“आजी, ते नकाशात दाखवलेलं नाही.”