पडद्यामागचा होयबा

ठेवा की! मिशीनं कसा रुबाब येतो चेहऱ्याला — आणि काढायची म्हणालात तर काढू, चांगले तरुण दिसाल. काय? नक्की काय करू म्हणता? अहो, तुम्हाला पटेल तेच बरोबर. बसा निवांत, आधी दाढी उरकू, मिशीचं मग बघू. आणि जरा हळू बोला हं — तो खिळ्याला लाल टॉवेल टांगलाय ना, तो दिसला की या दुकानात सगळ्यांनी हळू बोलायचं. रेडिओ बंद, केस वाळवायचं मशीन बंद, शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकायची. आत पडद्यामागे शाळा भरलीय. हसू नका, फेस नाकात जाईल.

मुलगी माझी. लहानपणापासून मी तिला मास्तरीणबाई म्हणायचो, खुर्चीवर बसलेल्या गिऱ्हाइकांना पाढे विचारायची ती — आणि झाली खरंच मास्तरीण. आठवी-नववीच्या पोरांना ऑनलाइन शिकवते. काय शिकवते म्हणता? चॅटबॉट! ते नाही का, फोनमध्ये प्रश्न टाकला की पानभर उत्तर देतं — ते कसं चालतं, त्याच्यावर विश्वास कधी ठेवायचा, कधी नाही. आता तुम्ही म्हणाल, सलूनच्या मागच्या खोलीत कशाला? तर घरी नेट धड लागत नाही आणि इथे, जिथे आम्ही ओले टॉवेल वाळत घालतो ना, बरोब्बर तिथे लागतं. मागे एक चादर लावली, झाला वर्ग. मान जरा उजवीकडे — हां.

तर एक दिवस बाहेर आली आणि म्हणते, बाबा, एक काम आहे, बसल्याजागी करायचं. म्हटलं, करू की! — काय काम ते न विचारताच. तर खेळ असा : पोरं प्रश्न पाठवणार, उत्तर कधी चॅटबॉट देणार, कधी मी देणार. म्हणजे मी बोलायचं आणि तिनं टाइप करायचं, माझी बोटं कात्रीवर चालतात, त्या बटणांवर नाही. आणि पोरांनी ओळखायचं, पडद्यामागे माणूस कोण आणि मशीन कोण. सोपं आहे की नाही? आपण हाडामांसाचे, आपल्याला कोण मशीन म्हणणार! मी तर आदल्या दिवशी स्वतःची दाढीबिढी केली. दिसणार नव्हतो कुणाला, तरी केली.

सुरू झालं. एक पोरगं विचारतं, चंद्रावर दाढी वाढते का? — मी म्हटलं, वाढते, पण सावकाश. अहो, मला काय ठाऊक! पण गिऱ्हाइकानं विचारलं आणि आपल्याला येत नाही असं म्हणायचं? या खुर्चीमागे उभं राहून मी आजवर 'माहीत नाही' म्हटलेलं नाही. गुडघेदुखी विचारा, निवडणूक विचारा, पोरीचं लग्न कुठे जमवू विचारा — उचलली जीभ, लावली टाळ्याला. दुसरा म्हणतो, मला गणित आवडत नाही, सोडून देऊ? म्हटलं, सोड बाबा, मनाविरुद्ध काही करू नये. लगेच तिसरी म्हणते, मी गणितच घेणार आहे. म्हटलं, वा, गणितासारखं दुसरं काही नाही! आणि त्या चॅटबॉटला कुणीतरी दाताचं दुखणं सांगितलं, तर ते म्हणतं कसं — मला तुमचा दात दिसत नाही, नक्की सांगता येणार नाही, डॉक्टरांना दाखवा. कानामागून आलं आणि तिखट झालं!

मग मतं घेतली. सगळ्या वर्गानं — अहो, झाडून सगळ्या वर्गानं — मलाच मशीन ठरवलं. हलू नका, वस्तरा आहे हातात. हसायचं तर हसा, पण गाल फुगवून हसा, मला बरं पडतं. मास्तरीणबाईंनी विचारलं, का रे बाळांनो, हेच मशीन कशावरून? तर एक पोरगी, आवाज एवढासा, म्हणाली — मॅडम, ते कुणालाच नाही म्हणत नाही. माणूस कधीतरी चिडतो.

मी पडद्याआडून ऐकतोय. माणूस कधीतरी चिडतो! आता हे लागायचं काही कारण आहे का? गोड बोलणं हा आमचा धंदा. टकलावर राहिलेल्या चार केसांना मी कधी चार केस म्हटलेलं नाही. पण लागलं खरं.

आणि मग हिनं पोरांना एक युक्ती शिकवली. एखादं उत्तर खरं वाटेनासं झालं ना, तर तोच प्रश्न उलटा करून विचारायचा. 'हे करू ना?' विचारलंत, हो म्हणालं. मग थोड्या वेळानं विचारायचं, 'हे नाही केलं तर चालेल ना?' त्यालाही हो म्हणालं, तर ते तुमचंच बोलणं तुम्हाला परत देतंय, त्याचं स्वतःचं काही नाही. छान आहे युक्ती. मलाही आवडली. तेव्हा.

मिशीकडे बघू नका हो सारखं आरशात, बघतो म्हटलं ना मी.

तर झालं काय — हिला बोलावणं आलंय. लांबच्या शहरातून, एका मोठ्या संस्थेकडून. तिथे राहायचं, शाळाशाळांतून जाऊन शिकवायचं, मास्तरांनासुद्धा शिकवायचं. दुकान बंद करताना मी केर काढत होतो, तर सहज विचारल्यासारखं विचारते, बाबा, जाऊ ना मी? म्हटलं, जा की! अशी संधी येते का परत? हिच्या आईनं तर ऐकल्या ऐकल्या सांगून टाकलं होतं — नको जाऊस, मला करमायचं नाही. सरळ! दारं आपटून सांगितलं. मी म्हटलं, एक दार आपटतंय, दुसऱ्यानं तरी उघडं राहावं. आणि मग परवा चहा पिताना म्हणते, बाबा, नाही गेले तर चालेल ना? आणि मी — बशीतून डोकं वर न काढता — चालेल की! घरचं काय वाईट आहे?

कप खाली ठेवला तिनं. आधी हसली. म्हणाली, बाबा, नापास! मीही हसलो. मग बघतो तर ती हसत नव्हती. म्हणाली, आईचं मला कळतं हो, तिची मी समजूत घालीन नाहीतर भांडेन. तुमच्याशी मी काय करू? तुम्हाला काय वाटतं तेच कुणाला ठाऊक नाही.

आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय तिला. आणि मी सकाळपासून लोकांच्या दाढ्या करतोय. काय सांगू, तुम्हीच सांगा — नाही, तुम्ही नका सांगू, तोंडाला फेस आहे. जा म्हणावं तर मेली खरंच जाईल. नको म्हणावं तर पोरीचे पंख छाटून आम्ही काय त्याची उशी करणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि तिच्याशिवाय हे दुकान म्हणजे — जाऊ द्या. तुरटी लावतो, जरा झोंबेल.

अशी भुवई का वर करताय? मिशीचं नाही? मग आरशात काय बघताय माझ्या मागे?

...कधीची उभी आहेस गं? वर्ग संपला? टॉवेलसुद्धा काढलास! म्हणजे कुठपासून ऐकलंस — दातापासून? मिशीपासून?

बरं. विचार. सरळ विचार, उलटा विचार, तिरका विचार.

जा. — थांब, अजून झालं नाही माझं. जा, आणि मला ते मुळीच आवडलेलं नाही. रोज त्या खिळ्याकडे हात जाईल माझा, टॉवेल टांगायला, आणि तुझा राग येईल. संस्थेचा येईल, त्या नेटचा येईल, तुला पाढे शिकवले त्याचा येईल. चिडून सांगतोय, ऐकू येतंय ना? तरीही जा. उलटं विचारलंस तरी हेच सांगीन, विचारून बघ. रडतेस कशाला, पास की नापास ते सांग आधी!

काय साहेब? हो, तुमचं राहिलंच. मिशी काढून टाका. अजिबात शोभत नाही तुम्हाला, कुणीतरी फार पूर्वी सांगायला हवं होतं. नाही, आज नाही काढत. चिडलेल्या माणसाच्या हातात वस्तरा बरा नाही. उद्या या. पैसे राहू द्या, उद्याच द्या सगळे. आणि जाता जाता तो लाल टॉवेल परत खिळ्याला अडकवा.