मऊ प्लॅस्टिकचा अल्बम

हा अल्बम तुमच्याच दुकानातला ना, देवदत्तशेठ? मग धरा की नाकाजवळ! — का मागे सरलात? गेल्या दिवाळीत तर म्हणाला होतात, काकू, वासावरनंच कळतं माल नवा आहे. वर्ष झालं, अजून नवाच का? साताऱ्याहून एसटीनं सांगलीला आलेय मी, हा वास तुम्हाला द्यायला. बोट लावा — लावा हो, चावत नाही. चिकट आहे ना? ह्यांच्या चाळीस शिवराया आहेत त्यात, तांब्याची जुनी नाणी. तीनशे वर्षं मातीत राहून धड होत्या, आणि तुमच्या कप्प्यात एका पावसाळ्यात हिरव्यागार! — दमट हवा? अहो, पत्र्याच्या डब्यात, कागदाच्या पुड्यांत तीस पावसाळे काढले त्यांनी! प्रदर्शन भरवणारे नानासो आले, बघताक्षणी म्हणाले, वहिनी, हे मऊ प्लॅस्टिक आहे, ह्यातून तेलकट काहीतरी सुटतं, ते तांबं खातं. — काय? चिंचेनं घासू? वा! घागर आहे होय ती? घासली की अक्षरं गेली! वह्यांची कव्हरं काय नि नाण्यांचे कप्पे काय, कुपवाडच्या कारखान्यातनं येईल ते टांगायचं नि विकायचं, एवढीच तुमची अक्कल.

आणि वर सल्ला — जुने कागद टाका काकू, त्यानंच नाणी डागाळतात. मी मॅट्रिक झालेली बाई, पटलं मला. ह्यांच्या एकसष्टीला द्यायचा म्हणून, हे शिराळ्याला भावाकडे गेले तेवढ्यात सगळी नाणी भरली, नि पुड्या — टाकल्या नाहीत, बंबात घातल्या. प्रत्येकीवर ह्यांचं बारीक अक्षर — म्हसवडला तांब्याच्या मोडीत मिळाली, ही अमक्याच्या नांगराला लागली — मी वाचलंच नाही. म्हणजे… दोन वाचल्या. वाचून घातल्या.

असे बघताय काय? रविवारी प्रदर्शन आहे. हे म्हणाले, हिरवी तर हिरवी, कुठं मिळाली ते तरी लिहून लावू, पुड्या कुठायत? मी म्हटलं, माळ्यावर. तीन दिवस शोधतायत ह्या वयात, आणि मी खाली शिडी धरून उभी!

— नवा अल्बम? फुकट? घाला तुमच्याच गल्ल्यात. सरका, माझी गाडी चुकेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधीच, मी ह्यांना खरं सांगितलं, आणि ह्यांनी नानासोंना प्रदर्शनातनं आपलं नाव काढून टाकायचं पत्र लिहिलं.